मान हलली आणि बर्फ पडला

नेदाला दिग्दर्शक व्हायचं होतं, आणि ते अख्ख्या शाळेला माहीत होतं, कारण तिनेच ते सगळ्यांना सांगितलं होतं. दहावीतल्या मुलीला एवढं ठाम काही माहीत असू नये, पण नेदाला होतं. आणि नाटक बसवण्याची तिची पद्धतही ठरलेली होती: नेदाने सांगायचं आणि बाकीच्यांनी करायचं.

नाताळात मिंकोवा बाईंनी तिला एक छोटी नाटिका बसवायला दिली होती. चौथ्या तालमीला गालेनाने डोक्यावरचा रुमाल काढून जमिनीवर आपटला. गालेना म्हणजे आमच्या शाळेची हुकमी नायिका. तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतो आणि रागही तितकाच लांब पोचतो.

"उजवा पाय अर्धी वीत मागे, हनुवटी वर, पापणी आत्ता नको, नंतर लवव!" ती नेदाची नक्कल करत ओरडली. "तुला बाहुली हवीय ना? मग बाजारातून आण, मी चालले!"

ती गेली, तिच्यामागून बाकीचेही गेले, आणि नाटिका बसलीच नाही. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, तोही अर्धाच.

म्हणून वसंतातल्या मोठ्या नाटकाच्या वेळी मिंकोवा बाईंनी नेदाला बाजूला घेतलं. बाई अंगाने लहानखुऱ्या, पण त्या खोकल्या तरी वर्ग चिडीचूप होतो.

"यंदा नाटक मी बसवणार. तू विंग सांभाळायचीस. पडदा, सामान, दिवे, कोण कधी आत जाणार, सगळं."

"म्हणजे हमाली," नेदा म्हणाली.

"म्हणजे हमाली," बाई शांतपणे म्हणाल्या. "प्रयोग झाला की मी पोरांना विचारेन, पुढच्या वर्षी नेदाच्या हाताखाली उभे राहाल का? हो म्हणाले, तर पुढचं नाटक तुझं. नाही म्हणाले, तर तू खुशाल गणिताच्या मंडळात जा."

नेदाने मनातल्या मनात मोजणी केली. पोरं म्हणजे कोण? पोरं म्हणजे गालेना. ती जे म्हणेल तेच बाकीचे म्हणणार.

तालमी गावच्या वाचनघरात सुरू झाल्या. खाली पुस्तकं, वर रंगमंच, आणि जिन्यात कायम कुणीतरी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेलं. नाटक साधंच होतं. गुलाबाच्या तोडणीच्या दिवसांत एक मुलगी आणि मिलेन नावाचा मुलगा प्रेमात पडतात, मिलेन दूर देशी कामाला जातो, आणि ऐन बर्फात परत येतो. बाल्कन पर्वताखालच्या आमच्या खोऱ्यात गुलाबही आहेत, बर्फही आहे आणि दूर देशी गेलेले तर घरटी एक आहेत, त्यामुळे हे नाटक कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुलगी गालेना, मिलेन झाला होता इव्हायलो. त्या उंच पोराला स्वतःच्या हातांचं काय करावं हे कधीच कळत नसे.

नेदाने पहिल्यांदा नाक मुरडत काम केलं. जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. टोपल्या, गाठोडं, कंदील ज्या क्रमाने लागणार त्या क्रमाने टेबलावर मांडले आणि कुणी कंदिलाला नुसतं बोट लावलं तरी ती खेकसू लागली. पण विंगेत उभं राहायला लागल्यावर तिला जरा वेगळंच दिसू लागलं. समोर खुर्चीत बसून तिला फक्त चुका दिसत असत. इथून दिसलं, की आत जाण्याआधी इव्हायलो तळहात पँटला पुसतो. आणि गालेना, ती तोऱ्यातली गालेना, भिंतीकडे तोंड करून डावा कान ओढत पुटपुटत असते, आणि तिचे ओठ पांढरे पडलेले असतात. नेदाला ते पाहून धक्काच बसला. गालेनाला भीती वाटते हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिने कुणाला सांगितलं नाही, फक्त पाण्याचा पेला त्या भिंतीपाशी ठेवायला लागली.

समोरच्या विंगेत होता प्लामेन. दिव्यांची पेटी त्याच्याकडे, आणि बर्फाची दोरीही. वर दोन काठ्यांच्या मध्ये झोळी बांधली होती, तिच्यात कागदाचे बारीक तुकडे भरलेले. दोरी ओढली की झोळी उघडायची आणि कागद झिरपत राहायचा. प्लामेनचं बालपण जर्मनीत गेलं होतं, आईवडील गेल्याच वर्षी त्याला घेऊन परतले होते. पोरगा हुशार, हाताला चपळ. फक्त मानेचा घोटाळा होता.

आमच्याकडे हो म्हणायला मान डावीउजवीकडे हलवतात आणि नाही म्हणायला वरखाली. यात शिकण्यासारखं काही नाही, आईच्या मांडीवर सगळ्यांना येतं. इकडे नंदीबैल आणला तर बिचारा दारोदार नाही म्हणत फिरेल आणि उपाशी मरेल. पण प्लामेन जर्मनीत वाढलेला, त्याचं सगळं उलटं. "शिडी आणू का?" म्हटलं की तो मान वरखाली करायचा, शिडी यायची नाही, आणि तो वाट बघत उभा. "अरे, तुझी मान कुणी उलटी बसवली का?" म्हणून पोरं त्याला छळायची. एकदा वाचनघरातल्या ग्रंथपाल काकूंनी त्याला चीज भरलेला गरम बानित्सा हवा का विचारलं. तो हवरटासारखा मान डोलावत राहिला आणि काकू ताट घेऊन पुढे गेल्या.

नेदाला त्याची दया आली. दया ही तिची रोजची गोष्ट नव्हे, त्यामुळे ती तिने मनापासून केली. तिने ठरवलं, प्लामेनशी बोलताना आपणच त्याच्या पद्धतीने मान हलवायची. तसं दोघांच्या खुणा हाताच्या होत्या. हात वर म्हणजे तयार राहा, हात खाली म्हणजे ओढ. पण अडीअडचणीला मान लागणारच.

प्रयोगाच्या दिवशी सभागृह भरून वाहत होतं. बाईंनी रिवाजाप्रमाणे विंगेच्या उंबऱ्यावर पाणी ओतलं, म्हणजे काम पाण्यासारखं वाहावं. मग नेदाला म्हणाल्या, "हे बघ, पडदा वर गेला की दिग्दर्शक मेला. मी तिकडे प्रेक्षकांत बसणार, टाळी वाजवण्यापलीकडे मला काही करता येणार नाही. इथे आता तू." आणि खरंच निघून गेल्या.

तिसरी घंटा झाली, पडदा गेला. पहाटेचा गुलाबी दिवा, मग दिवसाचा पांढरा, गुलाबाची झुडपं, टोपल्या, कुठेही अडलं नाही. नेदा जरा निवांत होते न होते तोच विंगेच्या कडेला उभं केलेलं प्लायवुडचं तुतीचं झाड कललं. त्याचा मागचा टेकू निसटला होता. नेदाने धाव घेऊन दोन्ही हातांनी खोड धरलं. आता ती झाडाला आणि झाड तिला धरून उभं, आणि नेमक्या त्याच वेळी गालेनाची गाडी घसरली.

तिला म्हणायचं होतं, "थांब, मिलेन." भीतीच्या भरात तिच्या तोंडून शेवटच्या प्रवेशातलं वाक्य निघालं. "आलास, मिलेन?"

मिलेन सुरुवातीपासून तिच्या शेजारीच उभा होता. इव्हायलोने डोळे विस्फारले आणि म्हणाला, "मी... इथेच आहे की."

प्रेक्षकांत खसखस पिकली. पण "आलास, मिलेन?" हीच बर्फाची खूण होती. पलीकडे प्लामेनने दोरी हातात घेतली. बिचाऱ्याला शंका आलीच, मे महिन्यात, गुलाबाच्या तोडणीत बर्फ कसा? त्याने भुवया उंचावून नेदाला विचारलं, ओढू?

नेदाचे दोन्ही हात झाडात. तिने जीव खाऊन मान डावीउजवीकडे हलवली, जर्मनीतल्या पद्धतीने. नाही, नाही, नाही!

तिला काय माहीत, की प्लामेन पंधरा दिवस आरशासमोर उभा राहून आमच्यासारखी मान हलवायला शिकत होता! पोरांची थट्टा त्याच्या जिव्हारी लागली होती. नेदाची मान डावीउजवीकडे हलताना पाहून त्याला धन्य वाटलं, की आता आपल्याला सगळं कळतं. तिने तीनदा हो म्हटलंय. त्याने दोरी ओढली.

दोघे एकमेकांना समजून घ्यायला गेले आणि भर गुलाबात बर्फ पडायला लागला.

आधी एक हसू फुटलं, मग सगळं सभागृह हसलं. गालेना झुडपांमध्ये खिळून उभी, तोंड उघडं, आणि त्यात कागद. नेदाला वाटलं, पडदा टाकावा आणि घरी जाऊन पांघरूण घ्यावं. संपलं आपलं नाटक, आता गणिताचं मंडळ. पण झोळी एकदम रिकामी होत नव्हती, कागद सावकाश येत होता, आणि नेदा त्याच्याकडे बघत राहिली. पांढरा होता म्हणून बर्फ. पांढरा नसता तर?

मागे गाण्याच्या मुली उभ्या होत्या. तिने त्यातल्या एकीच्या हातात झाड दिलं. "धर, आणि शिंकू नकोस!" आणि मागच्या पडद्यामागून ती पळत सुटली. जागा एवढी अरुंद, की तिच्या कोपराने पडद्यावरचा सगळा बाल्कन पर्वत हलला. ती प्लामेनपाशी पोचली.

"गुलाबी! पहाटेचा! सगळा लाव!"

प्लामेनला कारण विचारायची सवय होती, पण तिचा चेहरा बघून त्याने ती त्या दिवसापुरती सोडली. दिवा चढला. आणि पांढरा कागद गुलाबी झाला. रंगमंचावर पाकळ्या पडत होत्या, ढीगभर, जणू खोऱ्यातले सगळे मळे एकदम उधळले होते. हसू कुठे विरलं ते कळलंच नाही. ज्याला हातांचं काय करावं कळत नसे, त्या इव्हायलोने वाकून ओंजळ भरली आणि गालेनाच्या डोक्यावर ओतली. टाळ्या पडल्या. गालेना खरंच हसली, आणि म्हणाली, "थांब, मिलेन."

प्रवेश संपला. अंधारात मुलींचं गाणं सुरू झालं, नेदा झाडाकडे परतली आणि तिच्यामागून प्लामेनही आला. गालेना विंगेत शिरली ती वाघिणीसारखी.

"कुणी पाडला? माझ्या घशात कागद गेलाय! कुणी पाडला सांगा!"

"मी दोरी..." प्लामेन पुढे झाला.

"मी सांगितलं त्याला," नेदा म्हणाली. "माझी मान चुकली."

खरं उत्तर तिच्या जिभेच्या टोकावर होतं. वाक्य तू चुकलीस, बये! नाताळातली नेदा असती तर तिने ते तारखेसकट ऐकवलं असतं. पण गालेनाचे ओठ पांढरे पडले होते, आणि गाणं संपलं की तिला परत आत जायचं होतं. नेदाने ते वाक्य गिळलं. फार कडू लागलं.

"आणि आता बर्फ?" गालेनाचा आवाज चिरकला. "शेवटाला काय पडणार? झोळी रिकामी आहे, आणि परत भरायला वेळ नाही!"

पोरं अंधारात झाडू घेऊन पाकळ्या कडेला लोटत होती. सगळे नेदाकडे बघत होते. उजवा हात वर, नजर दिव्याकडे, असं काहीतरी तिच्या डोक्यात तयार होतं. तिने वेगळंच विचारलं.

"गालेना, बर्फ पडायला लागला की तू पहिल्यांदा काय करतेस?"

"काय करते म्हणजे?"

"खरंच. घरी. अंगणात."

गालेना गोंधळली. "जीभ बाहेर काढते," ती हळूच म्हणाली.

"मग तेच कर."

"एवढ्या लोकांसमोर? अगं, मी नायिका आहे!"

"मला तरी दुसरं काही सुचत नाहीये," नेदा म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

गालेनाने पेला उचलला, पाणी प्यायली आणि गेली.

रिकामा रंगमंच, एक कंदील. ती कितीतरी वेळ दाराकडे बघत बसली. मग मान वर केली, डोळे मिटले आणि लहान पोरीसारखी जीभ बाहेर काढली. सभागृहात कुणी हललं नाही. प्लामेनने कुणी न सांगता निळा दिवा अगदी हळू, हळू वर आणला. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली. वरून कणभरही काही पडत नव्हतं आणि सगळ्यांना थंडी वाजत होती. "आलास, मिलेन?" गालेनाने विचारलं, या वेळी बरोबर जागी, आणि विंगेत नेदा रडायला लागली. तिने काहीच बसवलं नव्हतं, आणि तरी इतकं सुंदर काही तिने कधी पाहिलं नव्हतं.

टाळ्या थांबल्यावर मिंकोवा बाई वर आल्या. सगळे रंगमंचावर कागदाच्या ढिगात बसून बानित्सा खात होते.

"बर्फ कुणाचा?" बाईंनी विचारलं.

"माझा," नेदा म्हणाली. "खूण मी चुकवली."

"बरं. आणि गुलाबी?"

"तोही हिचाच," प्लामेन म्हणाला.

बाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. "मग विचारते. पुढच्या वर्षी ही नाटक बसवणार. कोण कोण उभं राहील?"

 सगळ्यांच्या नजरा गालेनाकडे. ती केसांतून एकेक कागद वेचत होती, फार लक्षपूर्वक.

"वाक्य मी चुकले होते," ती एकाएकी म्हणाली. "बर्फाचं वाक्य मी आधीच म्हटलं. ते गाणं चालू होतं ना, तेव्हा आठवलं मला." तिने नेदाकडे बोट दाखवलं. "आणि हिला तेव्हाच माहीत होतं. बरोबर ना गं? तरी गप्प बसली. ही! जिच्या तोंडात तीळ भिजत नाही!"

पोरं खो खो हसली. नेदाचे कान लाल झाले.

"का नाही सांगितलंस?" गालेनाने विचारलं.

"तुला आत जायचं होतं," नेदा म्हणाली.

 गालेनाने आपल्या ताटातला बानित्साचा मोठा तुकडा उचलून नेदाच्या हातात कोंबला.

"मी राहीन उभी. पण संहिता लवकर दे बाई, मला पाठ व्हायला वेळ लागतो."