तळ्यातली कालुंदर

बोनकोड्याच्या गावदेवीपुढचं तळं बुजवायला मुरुमाचे ट्रक लागले, तेव्हा गिरजाबाई कळशी घेऊन चिखलात उतरल्या. मोठे मासे लोकांनी जाळी टाकून केव्हाच नेले होते. कोपऱ्यातल्या डबक्यात एक कालुंदर तेवढी तडफडत होती. तळहाताएवढी, हिरवट अंगावर मोत्यांसारखे ठिपके. ती त्यांनी अलगद कळशीत घेतली आणि वाशीच्या बसमध्ये, मुलाकडे जायला, कळशी मांडीवर धरून बसल्या.

किसन तान्हा होता तेव्हा दूधच तोंडात घेईना. तोंडाला लावलं की मान फिरवायचा. सगळ्यांनी आशा सोडली होती. गिरजाबाईंनी गावदेवीला नवस बोलला, "माझ्या पोरानं घास घेतला, तर रोज माशांना कणकेचा घास घालीन, मगच जेवीन." किसन जगला, वाढला, कारखान्यात लागला, वाशीला त्यानं घर केलं. गिरजाबाईंचा नेम अंगात ताप असतानाही चुकला नाही. चुकला तर किसनला काहीतरी होईल, हे त्यांनी कुणाला कधी बोलून दाखवलं नाही. पण मनात ते घट्ट बसलेलं होतं.

किसनच्या घरी लोखंडी चौकटीची काचेची पेटी होती. तिच्यात एकच मासा. काळपट, अंगभर निळ्या टिकल्या, नाव जॅक. किसन ड्युटीवरून आला की आधी त्याच्यापुढे बसायचा.

"आये, हिला कशाला आनलीस?" कळशीत डोकावून किसननं विचारलं.

"तुझ्या पेटीत सोड. तो एकटाच हाय. सोबत होईल."

"त्याला सोबत चालत नाय."

"जॅकसाहेबांकडे पाहुणा टिकत नाही, आई," सून सरोजिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "मागं सोनेरी मासे आणले होते. सकाळी उठून बघते तर नुसत्या शेपट्या."

गिरजाबाईंनी दोन्ही मासे निरखून पाहिले. "दोघांचं अंग तर सारखंच हाय रे. पसरट, पाठीवर काटे. भावकीतलेच असतील."

"हायेतच. दुकानवाला पन तेच म्हनतो. म्हनून तर भीती." किसननं बाही वर सारली. "वेगळ्या अंगाचा, तळाला चिकटून राहनारा मासा आनला, तर जॅक त्याच्याकडे ढुंकून बघनार नाय. पन आपल्यासारखा दुसरा दिसला, की त्याला वाटतं, हा माझी जागा घ्यायला आला."

बांधावरच्या वीतभर जागेसाठी सख्खे भाऊ भावाच्या मयताला गेले नव्हते, हे गिरजाबाईंनी गावात पाहिलं होतं. पण ती माणसं. हा मुका जीव.

किसननं पेटीच्या मधोमध एक काच बसवली. एका बाजूला जॅक, दुसऱ्या बाजूला कालुंदर. ती खाडीकाठची, म्हणून पाण्यात थोडं खडेमीठ विरघळवलं.

"आता ऐक, आये. तिला पेटी ओळखीची होऊ दे. मग जॅकला बाहेर काढायचा, सगळे दगड हलवायचे, ती आधी आत आनि तो शेवटी. म्हंजे जुनी जागा कुनाचीच राहत नाय. सुट्टीच्या दिवशी मी करतो. तोवर काचेला हात लावू नको."

"नाय लावत," गिरजाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, तुळशीला पाणी घालून त्या पेटीपुढे आल्या. कालुंदरनं कणकेचा गोळा लगेच टिपला. नेम राहिला. जॅकला टाकलेला गोळा मात्र त्यानं तोंडात घेतला आणि थुंकून टाकला. मग किसननं घातलेली सुकटही त्यानं सोडली. दिवसभर काचेला तोंड लावून उभा. पलीकडून कालुंदरही तशीच.

"राग हाय त्याचा. उतरेल," किसन म्हणाला. पण स्वतःही त्या संध्याकाळी ताटावरून अर्धवट उठला. "भूक नाय, आये."

तिसऱ्या दिवशीही तेच. घास न घेणारा जीव गिरजाबाईंनी पूर्वी पाहिला होता, मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मुलगा जेवत नाही, मुलाचा मासा खात नाही. आणि तो मासा काचेला असा चिकटलेला, जसं पलीकडचं कुणी आपलं माणूस आहे. आपण ताटातूट केली, त्याचा हा शाप की काय?

गुरुवार होता. किसन ड्युटीवर, सरोजिनी बाजारात. गिरजाबाईंनी गावदेवीचं नाव घेतलं आणि काच वर ओढली.

दोघं समोरासमोर आले. जॅकचं अंग थरथरलं, कल्ले फुलले. गिरजाबाईंनी हात जोडले. त्यांना वाटलं, भेट झाली. तेवढ्यात पाणी उसळून पेटीबाहेर आलं. जॅकनं कालुंदरला तोंडाशी धरून दगडावर आपटलं, सोडलं, पुन्हा धरलं. गिरजाबाईंनी आत हात घातला, तर त्यांच्याही बोटाला झोंबला. कालुंदर कळशीत येईतो तिचे कल्ले फाटले होते आणि पेटीतल्या पाण्यावर खवले तरंगत होते.

किसननं घरी आल्यावर कळशी पाहिली, काच पाहिली. मीठ आणलं, पाणी बदललं, हवेची नळी कळशीत सोडली.

"तो खात नव्हता रे," गिरजाबाई हळूच म्हणाल्या. "आनि तू पन."

किसननं मान वर केली. सरोजिनी म्हणाली, "आई, यांच्या खात्यातल्या सितारामला बढती मिळाली. दोन दिवस कँटीनमध्ये नुसती बटाटवड्यांची चंगळ. भूक राहील कशी?"

गिरजाबाई खाली बसल्या.

सकाळी कालुंदर कळशीत मरून आडवी झालेली होती. किसन तिला खाडीवर सोडून आला. गिरजाबाईंनी अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, पण कणकेची परात तशीच पुढ्यात घेऊन बसून राहिल्या. उन्हं चढली.

"आई, पेटीत मासा आहे ना," सरोजिनी शेवटी म्हणाली. "तळ्यातलाच पाहिजे असं देवीला कुठं सांगितलंत तुम्ही? मोडू नका नेम."

गिरजाबाईंनी गोळा वळला. पाण्यावर धरला. जॅक दगडाआडून सावकाश वर आला, आणि आजवर कधी न खाल्लेला तो कणकेचा गोळा त्यानं त्यांच्या बोटांतून घेतला. गिळला. दुसऱ्यासाठी तिथंच थांबला.

सरोजिनीनं ताट वाढलं. गिरजाबाईंनी नमस्कार केला, भाताचा घास तोंडात घातला. तो नुसताच फिरत राहिला. गिळवेना.

"आये," किसन शेजारी येऊन बसला. पाण्याचा तांब्या त्यानं त्यांच्या हाताशी सरकवला. "घे ना."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.