तोंडावर टेंभा धरून बोला

सूर्यमाळजवळच्या पाड्यावर शिमग्याला तानीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. ठाण्या-भिवंडीकडे कामाला गेलेली सगळी माणसं परतायची, गोल करून बसायची आणि दर साली कुठलीशी एकच गोष्ट सांगून पोट धरधरून हसायची. तानीचे कान गेलेले. सगळे हसले की तीही हसायची. पण आपण कशाला हसतो हेच ठाऊक नसणं तिला फार खुपायचं. यंदा ती हटूनच बसली. ती गोष्ट मला कळल्याशिवाय या घरातून होळीला नैवेद्य जायचा नाही, म्हणाली.

आईला बोललेलं कळावं म्हणून काय करायचं, ते मुलगा हरेश दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारून आला. एका वेळी एकानेच बोलायचं, समोर येऊन बोलायचं, तोंडावर उजेड हवा, म्हणजे ओठ दिसतात. बस, एवढंच. पण या घराला साधी गोष्ट कधी पचली आहे? तानीचा दीर सोम्या बोहाड्यात, म्हणजे गावच्या मुखवट्यांच्या उत्सवात, सोंगं नाचवणारा. बोहाड्यात एका वेळी एकच सोंग येतं, त्याच्या तोंडापुढे टेंभा धरतात, ते नाचून गेलं की मग दुसरं. "अरं, हे तर आपलंच काम!" सोम्या म्हणाला, आणि झालं.

भर दुपारी, डोक्यावर ऊन रणरणत असताना, हरेशने टेंभा पेटवला. मीठ मागायचं तरी घरामागून यायचं, वाजंत्रीवर दोन गिरक्या घ्यायच्या, टेंभ्यापुढे थांबून "मीठ" म्हणायचं आणि नाचत परत जायचं. भात करपतोय हे सांगायला सून रविना रांगेत उभी राहिली. तिची पाळी येईस्तोवर भाताचा कोळसा झाला. एका पाहुण्याची मिशी जळाली. सोम्याने तर कहरच केला. वहिनीला तोंड लांबून दिसावं म्हणून तो राक्षसाचा मोठा मुखवटा चढवून आला. तानी त्या लाकडी ओठांकडे बराच वेळ बघत राहिली. ते काही हलेनात. शेवटी तिने काठीने मुखवटा वर ढकलला.

"पुरे झाला नाच," ती म्हणाली. "दर साली हसता ती गोष्ट सांगा."

वाजंत्री थांबली. "तू जा, तू जा" करत सगळे एकमेकांना ढकलू लागले. अखेर हरेशच पुढे आला. त्याने गिरकी घेतली नाही. टेंभा स्वतःच्या तोंडापुढे धरून तो सावकाश बोलला.

"आये, तुझं कान गेलं त्या सालची होळी. तू हातात काठी घेऊन नैवेद्याचं वडं राखत बसली होतीस. मागून बोकड आला आन् सूपभर वडं खाऊन गेला. आम्ही सगळी तुला ओरडून सांगत होतो. तुला वाटलं, होळीची बोंब मारतात. मग तूही तोंडावर हात मारून बोंब ठोकलीस."

तानीला ती होळी चांगली आठवत होती. सगळं घर आपल्याकडे बघून बोंब मारतंय, आपल्याला खेळात घेतलंय, म्हणून तिला त्या दिवशी केवढा आनंद झाला होता. आता तिला रडू आलं आणि रागही आला. सोम्या तोंड दाबून हसत होता. रविनाने त्याच्यावर डोळे वटारले.

तानीने हरेशच्या हातातून टेंभा घेतला आणि स्वतःच्या तोंडापुढे धरला.

"बोकड माझ्या मागं होता," ती म्हणाली. "तुम्ही समदी माझ्या समोर होता. एवढं हात होतं तुम्हाला. एकानंही बोट करून दावलं नाय?"