वरची रेघ

"फळा पुरत नाही म्हणून आता भिंतही!" वहिनी माझ्या कानाशी पुटपुटली. हातात ओलं फडकं होतं, पण पुसायला हात धजत नव्हता.

माझा धाकटा भाऊ सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकवतो. जेवणाच्या खोलीतल्या फळ्यावर त्याने एका रेघेला दोन फांद्या काढल्या होत्या. खालची आठ महिन्यांपूर्वी संपली होती, त्या दोघांची मुलगी, माझी भाची, अपघातात गेली त्या दिवशी. वरची तो रोज बोटभर वाढवायचा. आता ती भाचीच्या खोलीच्या दारापर्यंत पोचली होती. आतला पंखाही तो चालूच ठेवायचा.

"गणिताप्रमाणे दोन्ही जगं खरी आहेत," तो म्हणाला. "तिकडे काल तिचा निकाल लागला."

"मग फोन लाव की," वहिनी म्हणाली. ती प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करते. "ज्यानं माझ्या मीटरचा काटा हलत नाही, ते खरं नाही. ती तुझी नुसती आकडेमोड. ताई, तुम्ही तरी सांगा ह्याला."

मी उशिरा शिकले, तीही ह्या धाकट्याच्याच जुन्या पुस्तकांवर, त्यामुळे मला प्रश्न साधेच पडतात. "अरे, पण फांद्या फुटल्या कशानं? त्या दुपारी तिकडे वेगळं काय झालं?"

खडू थांबला. वहिनीनं फडकं इतकं घट्ट धरलं की पाणी फरशीवर ठिबकायला लागलं. उत्तर आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"तिकडे," भिंतीकडेच तोंड ठेवून तो म्हणाला, "मी गणित अर्धं टाकून, ठरल्याप्रमाणे तिला आणायला गेलो होतो."