कोऱ्या पानावरचा पंजा

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं बाइंडरकाका स्वतःला सांगत आले होते. खरं तर ते राहून गेलं नव्हतं, काकांनी ते राहू दिलं होतं, आणि हा फरक त्यांना चांगला कळत होता.

पत्र येऊन दोन वर्षं होत आली होती. वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी ते दुरुस्तीच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवून पाठवलं होतं. निवृत्त झाल्यापासून काका वाचनालयाची फाटकी पुस्तकं घरीच, जेवणाच्या टेबलावर बांधत. पाकिटावर लिहिलं होतं, 'पुस्तकं बांधणारे यांस'. काकांनी ते लगेच उघडलं नाही. छत्तीस वर्षांत पुस्तकं बांधणाऱ्याला कुणी पत्र लिहिलं नव्हतं. लिहिलं असेल तर तक्रारच असणार.

तक्रार नव्हती, पण चूक पकडली गेली होती. एका बाईंनी लिहिलं होतं : 'तुम्ही बांधलेलं प्रवासवर्णन मी वाचायला नेलं होतं. शेवटच्या कोऱ्या पानावर मांजराचा पंजा उमटला आहे. चार बोटं आणि गादी, अगदी स्पष्ट. म्हणजे तुमच्या घरी मांजर आहे. माझ्याकडेही आहे. मी दवाखान्याच्या धुलाईघरात काम करते, दिवसभर घरी नसते. ती खिडकीच्या काचेमागे बसून असते. सकाळी निघताना मला तिच्याकडे बघवत नाही. तिला बाहेर सोडू का? तुमचं मांजर बाहेर जातं का? मला विचारायला दुसरं कुणी नाही. तुम्ही सांगाल ते मी करीन.'

पंजा मुकादमाचा होता. मुकादम म्हणजे काकांचा राखाडी बोका. रोज सकाळी खिडकीतून उतरून तो भिंतीभिंतीने अख्ख्या गल्लीची पाहणी करी आणि दुपारी चारला परत येई, म्हणून काकूंनी त्याला हे नाव दिलं होतं. 'मुकादम फेरीवर गेले,' असं त्या म्हणत. फेरीवरून येताना तो एकदा खळीच्या वाटीत पाय घालून टेबलावरच्या पुस्तकावरून चालत गेला असणार.

"सही केली त्याने," पत्र वाचून काकू म्हणाल्या होत्या. "तुम्ही कधी करता का? एवढी पुस्तकं बांधलीत, एकावर तरी नाव आहे तुमचं?"

"बांधणाऱ्याचं नाव घालत नाहीत, अगं."

"मग मांजराचा पाय आला. लिहा त्या बाईला."

काकांनी लिहायला घेतलं. 'जरूर सोडा,' असं लिहिलं आणि त्यांना कोपऱ्यावर वळणारे ट्रक आठवले. दुसऱ्या कागदावर 'सोडू नका' असं लिहिलं, तेवढ्यात मुकादम त्यांच्या कोपराला अंग घासून खिडकीबाहेर पडला. काकांना स्वतःची लाज वाटली. मग त्यांनी वाचनालयातून मांजरांवरची दोन पुस्तकं आणली. एक म्हणत होतं सोडा, दुसरं म्हणत होतं कोंडा, आणि दोन्ही पुस्तकं अगदी ठामपणे बोलत होती. असं ठामपणे बोलणाऱ्यांचा काकांना जन्मभर हेवा वाटत आला होता.

"त्या बाईने तुमच्याकडे प्रबंध मागितलाय का?" काकू वैतागल्या. "सोड म्हणावं. जनावर आहे ते, शोकेसमधलं खेळणं नाही."

"आणि गाडीखाली आलं म्हणजे?"

"तुम्ही जिन्यावरून पडला होतात. मी कोंडून ठेवलं का तुम्हाला?"

"मी तसाही कुठे जातो?"

"तेच म्हणते मी."

काकांना सगळ्यात जास्त भीती वाटत होती ती शेवटच्या ओळीची. तुम्ही सांगाल ते मी करीन. त्यांच्या सांगण्यावरून आजवर कुणी काही केलं नव्हतं. मुलगीसुद्धा लग्नाचं ठरवून मगच त्यांना विचारायला आली होती.

आणि मग पत्रच दिसेनासं झालं. पुस्तकाच्या पाठीला आतून कागदाची पट्टी चिकटवतात, म्हणजे शिवण धरून राहते. त्यासाठी काका जुने कागद कापून वापरत. हाताला चिवट कागद लागला की त्यांची बोटंच कामाला लागत, डोकं मागाहून यायचं. धुलाईघरातल्या बाईंनी पत्रासाठी कागद फार चांगला वापरला होता. तीन दिवसांनी पत्र शोधताना काकांना उमगलं, की पत्त्यासकट ते बागकामावरच्या एका जाडजूड पुस्तकाच्या पाठीत जाऊन बसलं आहे. पुस्तक वाचनालयात परत गेलं होतं, पाकीट कचऱ्यात.

काकूंना त्यांनी हे सांगितलं नाही. खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं होतं. धडधाकट बांधणी फोडणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. महिन्या-दोन महिन्यांनी ते वाचनालयात जात, बागकामाच्या कपाटाशी उभे राहत, त्या पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवत आणि घरी येत.

पाच आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी, मुकादम फेरीवर गेला आणि आला नाही.

चार वाजले, पाच वाजले. काकूंनी वाटी खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी काकांनी चपला घातल्या. या गल्लीत ते तीस वर्षं राहत होते, पण कुणाच्या दाराची घंटा वाजवायची त्यांच्यावर वेळ आली नव्हती. पहिल्या दारासमोर ते बराच वेळ नुसतेच उभे राहिले.

"राखाडी? शेपटीला पांढरं टोक?" कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला. "म्हणजे आमचे जावईबापू की! अकराच्या ठोक्याला यायचे. कापडाच्या ढिगावर ताणून द्यायचे, आणि सरका म्हटलं की असे बघायचे, जसा काही मानपान राहिलाय. दोन दिवस दिसले नाहीत, मला वाटलं रुसले."

पुढच्या इमारतीचा रखवालदार म्हणाला, "वकीलसाहेब तुमचे होय? रोज येऊन ऐकून घ्यायचे माझं सगळं. मध्ये एक शब्द बोलायचे नाहीत."

काका थक्क झाले. आपल्या बोक्याला गल्लीत इतकी माणसं ओळखतात आणि आपल्याला एकही नाही, याचं त्यांना हसूही आलं आणि कसंसंही झालं.

शेवटच्या घरात एक म्हातारे घड्याळजी राहत होते. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"तो तुमचा?"

"हो."

"दोन वर्षं मालकाला शोधतोय मी. माझ्या या वेलावर बुलबुल घरटं करतात. गेल्या वर्षी तीन पिल्लं होती, यंदा दोन. एकही उडालं नाही. शेवटचं त्याने माझ्या डोळ्यांदेखत नेलं. मी काठी घेऊन उठेपर्यंत संपलं होतं. कधीतरी भेटाल तेव्हा काय काय बोलायचं, ते पाठ करून ठेवलं होतं मी."

"बोला ना," काका म्हणाले.

घड्याळजींनी त्यांच्याकडे पाहिलं. काकांच्या हातात रिकामी पिशवी होती. बोका सापडलाच तर त्याला घालून न्यायला आणलेली.

"आता काय बोलायचं?" घड्याळजी म्हणाले. "सापडू दे तुम्हाला."

सापडला नाही. रस्त्याच्या कडेला नाही, गटारात नाही, कुणाच्या माळ्यावर नाही. मुलीचा फोन आला. "बाबा, मी तुम्हाला शंभरदा सांगितलं होतं, खिडकीला जाळी लावून घ्या. पण आईपुढे तुम्ही कधी बोललात?" काकांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला, पण आवाज बाहेर जायचा तो गेलाच. काकू समोर भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

पाच आठवडे खिडकी उघडी होती. मग परवा संध्याकाळी काकू उठल्या, वाटी घासून फळीवर उपडी घातली आणि खिडकी लावून घेतली.

"वारा येतो," त्या म्हणाल्या.

वारा अजिबात नव्हता. काका टेबलाशी बसून होते. कुठेतरी एक मांजर काचेमागे बसलं आहे, किंवा आता बसलेलं नाही, आणि त्यात आपला हात आहे, हे त्यांना त्या बंद खिडकीत लख्ख दिसलं. आपण काहीच सांगितलं नाही म्हणून आपण सुटलो, असं दोन वर्षं ते समजत होते.

सकाळी वाचनालय उघडताच ते हजर झाले.

"काका, तुम्ही आणि बागकाम?" पुस्तकावर शिक्का मारताना ग्रंथपालबाई हसल्या.

"नाही, जरा पाठीचं काम आहे."

"पाठ तर दगडासारखी आहे हो. तुमचंच काम आहे."

"आतून बिघडलंय," काका म्हणाले.

टेबलावर त्यांनी पुस्तक पालथं घातलं. आपलीच बांधणी फोडताना त्यांचा हात एकदा थांबला, मग थांबला नाही. ओल्या फडक्याने पट्टी भिजवली आणि बोथट सुरीने हळूहळू सोडवली. बॉलपेनाची अक्षरं टिकली होती. पट्टीपुरता कागद कापलेला, त्यामुळे पत्राचा तळच तेवढा हाती आला : पत्ता आणि 'तुम्ही सांगाल ते मी करीन'. बाकीचं काकांना तोंडपाठ होतं.

काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. पट्टी वाचली, फोडलेलं पुस्तक पाहिलं. "म्हणजे हे इथे होतं," एवढंच म्हणाल्या.

त्या दुपारी काकांनी एकच कागद घेतला. खोडलं तरी तोच कागद पाठवायचा, असं ठरवून.

'आपल्या पत्राला उत्तर द्यायला दोन वर्षं लागली. क्षमा करण्याजोगं कारण माझ्याकडे नाही. मला ठरवता येत नव्हतं. माझा बोका बाहेर जात असे. आठ वर्षं गेला. पाच आठवड्यांपूर्वी गेला तो आला नाही. तो मेला, की आहे, हे आम्हाला आता कळणार नाही. त्याने एका गृहस्थांच्या वेलावरची बुलबुलांची पिल्लं मारली, हेही मला आत्ताच कळलं. तुम्ही विचारलंत, म्हणून सांगतो. मांजरीला घरात ठेवा. खिडकीला जाळी लावा आणि काच उघडी ठेवा, म्हणजे बाहेरचे वास आणि आवाज तिला मिळतील. निघताना तिच्याकडे बघवत नाही, असं लिहिलं होतंत. बघा, आणि मग निघा.'

कागद त्यांनी काकूंपुढे ठेवला आणि शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले. काकूंनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"चुकलं का काही?"

"शिंप्याचा जावई होता, ते नाही घातलंत."

"त्याचा इथे काय संबंध?"

"नाही कसा? पेन द्या इकडे."

काकूंचं अक्षर मोठं होतं. त्यांनी खाली लिहिलं : 'तो गल्लीत दारोदार वेगवेगळ्या नावांनी जात होता. आम्हाला ठाऊक नव्हतं. तो सुखात होता. खिडकी रोज मी उघडत होते.'

काकांनी शेवटचं वाक्य वाचलं. "हे कशाला, अगं?"

"खरं आहे म्हणून."

त्याखाली काकांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "ती बाई घर सोडून गेली असेल तर?"

"मागे आपला पत्ता घाला. नसेल तर येईल परत," काकू बोलून गेल्या, आणि त्यांची नजर बंद खिडकीकडे गेली.

पाकीट काकांनी स्वतःच्याच खळीने चिकटवलं. ब्रश फिरवला, कड दाबली, आणि तेव्हा त्यांना दिसलं, की कडेला खळीत एक राखाडी केस अडकला आहे. ब्रशला चिकटून राहिलेला असणार. अशा केसांसाठी टेबलावर चिमटा ठेवलेला असे. काकांनी चिमटा उचलला, केसाचं टोक पकडलं, आणि सोडून दिलं.

खळ वाळेपर्यंत ते थांबले. मग चपला घालून कोपऱ्यापर्यंत गेले. शिंप्याने मशीनवरून हात वर केला, त्यांनीही केला. टपालपेटीच्या तोंडात पाकीट धरून ते क्षणभर उभे राहिले, आणि त्यांनी ते आत टाकलं.