सैल बांधलेली रिबीन

प्रमोदिनीबाई पुण्याहून इतक्या लांब परिषदेसाठी आल्या, असं सगळ्यांना वाटत होतं. न्यूझीलंडमधल्या टौरंगातल्या मराठी शाळांच्या त्या परिषदेत त्या बोलल्याही छान. पण जीव अडकला होता तो पुढच्या दोन महिन्यांत. त्यांचा जुना विद्यार्थी धैर्यशील आता बायको कौमुदीबरोबर तिथल्याच हॉर्नबी गावात राहायचा, आणि त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला, सिद्धीला मराठी लिहायला शिकवण्यासाठी बाई त्याच्या घरी मुक्कामाला जाणार होत्या. निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी पुन्हा हाताखाली एक मूल मिळणार होतं.

परिषद संपल्यावर धैर्यशील बाई आणि सिद्धी, दोघींना गाडीनं एक जुनं गाव दाखवायला घेऊन गेला. पहिले गोरे वसाहतवाले कसे राहायचे, ते तिथं हुबेहूब उभं केलं होतं. लोहाराचा भाता, चर्च, दुकान, आणि त्या काळचे कपडे घालून वावरणारी माणसं. त्याआधी जमीन कोणाची होती, ते फाटकावरच्या पाटीत एका ओळीत उरकलं होतं.

"ही सगळी नाटकातली का रे?"

"हो बाई, पगारी."

"तुमचा वर्ग बरा. फुकट नाटकं करायचात."

गावात एका खोलीची शाळाही होती. लांब काळ्या झग्यातल्या मास्तरणीनं छडी आपटत पाहुण्यांना बाकांवर बसवलं, पाट्या वाटल्या आणि फळ्यावरची ओळ उतरवायला सांगितली. सिद्धीनं डाव्या हातात पेन्सिल धरली.

बाईंचा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी अगदी अलगद ती पेन्सिल काढून उजव्या हातात दिली. "ह्या हातात, सोन्या."

"बट आय राइट विथ धिस वन, आजी."

"होईल हं सवय."

मास्तरीण खूश झाली. तिला वाटलं, आजीबाई खेळात उतरल्या. तिनं इंग्रजीत सगळ्यांना सांगितलं, "बघा, अगदी असंच! आमच्याकडे तर डावखुऱ्यांचा हात पाठीमागे बांधतात." लोक हसले. कोणीतरी बाईंचा फोटो काढला.

"बाई," धैर्यशील म्हणाला, "तिचा हात सोडा."

सिद्धीचा डावा हात आपण बाकावर दाबून धरलाय, हे बाईंना तेव्हा कळलं.

बाहेर आल्यावर सिद्धी दुकानात गोळ्या घ्यायला पळाली. धैर्यशील कुंपणाला टेकून उभा राहिला.

"माझा डावा हात तुम्ही बाकाला बांधायचात. तुमच्या मुलीच्या लाल रिबिनीनं."

"घट्ट नव्हते रे बांधत मी!" बाई पटकन म्हणाल्या. "पंगतीत, देवापुढे कोणी हसू नये तुला, म्हणून. तुझ्या आईनंच सांगितलं होतं. छडी तरी कधी उगारली का मी?"

"नाही. आणि रिबीनही सैलच असायची. जरा ओढली की सुटायची, आणि सुटली की तुमचं तोंड एवढंसं व्हायचं. मग मी ओढायचोच नाही. वर्षभर, बाई. हात जपून धरून बसायचो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

बाईंना तो आठवला. पहिल्या बाकावरचा, शहाणा, न हलणारा. किती कौतुक केलं होतं त्याचं!

"अजून फॉर्म भरताना हात अडतो," तो म्हणाला. "कुठला पुढे करायचा, तेच कळत नाही क्षणभर."

"मी नाही करणार आता तसं. शपथ. लिहू दे तिला हव्या त्या हातानं. मला येऊ दे रे." आपण एका विद्यार्थ्याला विनवतोय, याची त्यांना लाजसुद्धा वाटली नाही.

त्यानं दुकानाच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "या. मी कौमुदीला काही बोलत नाही."

तेवढ्यात सिद्धी गोळ्यांची कागदी पुडी घेऊन धावत आली. डाव्या हातात एक गोळी धरून तिनं ती बाईंपुढे केली, आणि मधेच थांबली. तिनं बाईंच्या तोंडाकडे बघितलं. गोळी उजव्या हातात घेतली आणि मग पुन्हा पुढे केली.

धैर्यशीलनं मान दुसरीकडे वळवली.

बाईंनी गोळी घेतली. ती मुठीत चिकट होईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.

"धैर्यशील," त्या म्हणाल्या, "माझं पुण्याचं तिकीट उद्याचं होतंय का, बघ."