मांडीखालचा माइक

माझ्या मुलीला रेडिओवर बोलता येत नाही, असं आमच्या बेनी प्रांताच्या सगळ्या कुरणांवर म्हटलं जायचं, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं. म्हणणारे कोण, तर ज्यांना मीच बोलायला शिकवलं ते!

आमच्याकडे अर्धं वर्ष रस्ते पाण्याखाली असतात. मीठ, डॉक्टर, नवरी, बैलाचं इंजेक्शन, सगळं विमानानं जातं. गवती धावपट्ट्यांना टॉवर कुठला असायला! सगळ्यांची मिळून एकच फ्रिक्वेन्सी. जो उडतो त्यानं आपण कुठे आहोत, कुठून उतरतोय, ते सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकून आपापलं बघायचं. पण एकदा माइक हातात आला की माणूस तेवढ्यावर थोडाच थांबतो? कोणाची गाय व्याली, कोणाचा जावई पळाला, कॉफी टाका मी आलोच, हे सगळं त्याच फ्रिक्वेन्सीवर. माझ्या काळात माझा आवाज आला की बायका पळी हातात धरून ऐकत उभ्या राहायच्या. उगाच नाही सांगत, कोणालाही विचारा.

आणि माझी झुलेमा? "बगळा, सान फेर्मिनच्या उत्तरेला, पाच मिनिटांत उतरणार." संपलं! बगळा म्हणजे आमचं छोटं पांढरं सेस्ना विमान. ना नमस्कार, ना चमत्कार. ती असं बोलली की रिवाजाप्रमाणे कोणीतरी "ऐकलं, या" म्हणायला हवं. ते कोणी म्हणायचं नाही. उलट हाक यायची ती मला. "डॉन निका, तुमचं लेकरू काय पुटपुटतंय हो?" मी घरी रेडिओशेजारी झोपाळ्यात पडलेलो, आणि आकाशात माझ्या नावानं शंख! झुलेमा तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हणायची. तिला राग येत नसे. माझा सगळा राग मलाच गिळावा लागायचा.

गेल्या वर्षी डॉक्टरनं माझ्या छातीला नळी लावली, तोंड वाकडं केलं आणि माझं लायसन्स गेलं. बगळा मात्र अजून माझ्याच नावावर होता, आणि टाकूचा त्याच्यावर डोळा होता. टाकू म्हणजे खरं तर आमच्याकडचं लाकडी उखळ. आउरेलियो मेल्गार अंगापिंडानं तसाच, म्हणून त्याला सगळे टाकू म्हणतात. माझा जुना जोडीदार आणि माझा कोंपाद्रे, म्हणजे माझ्या लेकीचा धर्मपिता. झुलेमाच्या बाप्तिस्म्याला त्यानंच तिला हातांवर धरलं होतं. तो आला की नेमका जेवायच्या वेळेला यायचा.

"कोंपाद्रे, पोरगी रेडिओवर बोलते की तार करते? शब्दाला पैसे पडतात जणू!" तो म्हणायचा. "अशीला माल कोण देणार? विमान मला दे. पोरीला मी माझ्या ऑफिसात खुर्चीवर बसवतो, पंख्याखाली."

मी त्याला सान फेर्मिनच्या जत्रेत उत्तर देतो म्हणालो. झुलेमानं ते ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "विमान तुमचं आहे, पापा. पण उत्तर द्यायच्या आधी एकदा माझ्याबरोबर चला. मात्र बसायचं. कशाला हात लावायचा नाही."

माझ्याच विमानात मला हात लावायचा नाही! तरी गेलो. त्या खुर्चीशिवाय जीव रमत नव्हता हे खरं कारण.

जत्रेच्या दिवशी सकाळी निघालो. मागे मिठाची पोती, जत्रेसाठी चीज-पावाच्या टोपल्या, आणि उजवीकडे मी, मांडीवर हात बांधून. झुलेमानं इंजिन तापू दिलं आणि मग रेडिओ लावला. पॅनेलमधल्या त्या रेडिओला आकड्यांच्या दोन खिडक्या. डावीकडच्या आकड्यावर बोलणं चालू असतं, उजवीकडचा आकडा नुसता तयार बसलेला. मधलं बटण दाबलं की दोघांची अदलाबदल. मी जन्मभर उजवीकडच्या खिडकीत काय आहे ते पाहिलंही नव्हतं. तिनं तिथं दुसरा आकडा भरला, आवाजाची घुंडी ओढून खरखर येते का ते ऐकलं, पुन्हा आत ढकलली.

"हा दुसरा आकडा कशाला?"

"पेत्रोना मावशींचा. पहिल्यावर गोंधळ झाला तर दोघींनी इथं यायचं, असं ठरलंय."

मी हसलो. डोन्या पेत्रोना सान फेर्मिनचं स्वयंपाकघर सांभाळते. मोडीत निघालेल्या एका विमानाचा रेडिओ काढून तिच्या चुलीशेजारी फळीवर बसवलाय, गाडीच्या बॅटरीवर चालतो. आमच्यापैकी कोणी "उतरतोय" म्हटलं की ती बाहेर टांगलेला रुळाचा तुकडा बडवते. मग धावपट्टीवरची गुरं हाकलतात, पोरं फुटबॉल उचलून पळतात. त्या म्हातारीला हिनं दोन खिडक्या शिकवल्या! मी म्हटलं, "पुढच्या खेपेला तिला इंजिन खोलायला शिकव."

"शिकवीन," झुलेमा म्हणाली.

सान फेर्मिन जवळ आलं. तिनं बोलायला बटणावर बोट ठेवलं, आणि तेवढ्यात रेडिओ घोंघावायला लागला. कोणाच्या तरी इंजिनाची घरघर, सलग, थांबायचं नाव नाही.

"कोण गाढव माइक दाबून बसलंय?" मी ओरडलो.

झुलेमानं आधी आपल्याच रेडिओकडे पाहिलं. आपण बोलत असलो की खिडकीत एक बारीक अक्षर उजळतं. ते विझलेलं होतं. मग तिनं आपल्या माइकची वायर चाचपली. आमच्यात सगळे आपलं ठेवतात झाकून आणि दुसऱ्याचं बघतात वाकून. मी इतकी वर्षं विमान उडवलं, पण असा आवाज आला की आधी शिव्याच दिल्या. हिनं आधी स्वतःचं घर तपासलं. ते मला आवडलं, पण मी तोंडावर काही दाखवलं नाही.

मग घरघरीतून माणसाचा आवाज आला. नदीपलीकडच्या गुरांना हाका मारल्यासारखा बोलणारा बेनीत एकच आहे.

"...निकाचं विमान आज खिशात घालतो बघ! म्हातारा मऊ झालाय. अर्ध्या किमतीत देईल. आणि ती पोरगी... हॅ हॅ... रेडिओवर नन बाईसारखी बोलते!"

टाकू! हाताचा माइक मांडीखाली खुपसून उडायची त्याची खोड. इथले जुने सगळे तसंच करतात, दोन्ही हात मोकळे राहतात म्हणून. बाकीच्यांच्या मांड्या मात्र माणसाच्या आहेत. त्यानं नेमकं बटणावरच बूड टेकलं होतं. आता तो बोलेल ते साऱ्या मुलखाला ऐकू जाणार, आणि त्याला मात्र कोणाचंच ऐकू येणार नाही, कारण बोलणं चालू असताना रेडिओ बहिरा असतो.

माझा पारा असा चढला की मी माइककडे झेपावलो. मऊ झालो काय मी!

"पापा, हात मागे." तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आपण कितीही ओरडलो तरी ते त्यांच्या घरघरीखाली दबून जाईल. शिव्या नंतर द्या. आता ऐका."

"काय ऐकू? माझी अब्रू?"

"ते कुठून येताहेत ते."

मी कान दिला. टाकूच्या शेजारी बसलेला कोणी गुरांचा व्यापारी काहीतरी बोलला. मग टाकू: "तो बघ, तळ्यावर पाणी पिणारा पांढरा बैल. इथूनच सरळ घुसू. वारा नावाला नाही, वळसा कशाला घालू? जेवण थंड होईल."

तळं धावपट्टीच्या दक्षिण टोकाला. आम्ही उत्तरेकडून येत होतो. तो समोरून, त्याच पट्टीवर. आणि त्याहून वाईट म्हणजे कोणी हाक दिलेली नाही, रूळ वाजलेला नाही, जत्रेचा दिवस, खाली पोरांचा सामना रंगलेला. हे सगळं मला कळेपर्यंत झुलेमानं नाक वर घेतलं होतं आणि बगळा पश्चिमेच्या झाडीकडे वळवला होता. डाव्या हातात विमान, उजव्या हाताचं बोट रेडिओच्या मधल्या बटणावर. आकडे बदलले. घोंघावणं बंद. शांत.

"पेत्रोना मावशी, बगळा बोलतोय. दुसऱ्या आकड्यावर आहात?"

मी मनात सगळ्या संतांना हाका मारल्या.

"आहे गं पोरी! तिकडे तो टाकू पचकायला लागला तशी लगेच बटण दाबलं."

"तळ्याकडून टाकू उतरताहेत, आत्ता. पट्टी मोकळी करा. मी वर थांबते."

"वाजवते!"

झाडांवरून मी खाली पाहिलं. पेत्रोना झगा सावरत धावली. रुळाचा आवाज आम्हाला ऐकू येणं शक्य नव्हतं, पण पोरं दाणादाण पळताना दिसली, त्यांच्या मागे एक बाई, कडेवर मूल. पट्टी रिकामी झाली. राहिला फक्त फुटबॉल, मधोमध. तळ्यावरून टाकूचं निळं विमान आलं, डुलत, निवांत, आणि उतरलं. त्याचं चाक त्या फुटबॉलवरून गेलं. फुटबॉलची चपाती झाली.

झुलेमाचे हात स्थिर होते. मी ते हात पाहत राहिलो. लहानपणी तिला मांडीवर बसवून याच हातांत मी विमानाचं सुकाणू दिलं होतं. ऊर भरून येणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं, आणि डॉक्टर गेला खड्ड्यात.

टाकूनं इंजिन बंद केलं तसा त्याचा रेडिओही मेला. झुलेमानं पुन्हा बटण दाबून पहिल्या आकड्यावर आणलं. फ्रिक्वेन्सी मोकळी झाली होती आणि सगळा मुलूख एकदम हसत होता. "अर्ध्या किमतीत हं!" "डॉन निका मऊ झाले रे!" सान्ता आनाचा एक, रेयेसकडचा एक, कोण कोण.

त्यातच, सान फेर्मिनला आधीच उतरलेल्या विमानातून आम्हाला वळताना पाहिलेला एकजण म्हणाला, "डॉन निका, तुम्ही बगळ्यात आहात ना? बरे आहात? तुम्ही वेळेवर वळवलंत म्हणून वाचलात!"

झुलेमानं ओठ मिटले. ती तिचं तेच वाक्य म्हणायला बटणाकडे बोट नेत होती. मी तिच्याकडे पाहिलं. "कॅप्टन, एक मिनिट माइक मिळेल?"

आजवर मी तिला कॅप्टन म्हटलं नव्हतं. तिनं माइक दिला.

"निकानोर ग्वासेबे बोलतोय," मी म्हणालो. "मी इथं प्रवासी म्हणून बसलोय. विमानाला हात लावायची मला परवानगी नाही. वळवलं कोणी, पट्टी कोणी मोकळी केली, ते पेत्रोनाला विचारा. बगळा विकायचा नाही. बगळा आजपासून कॅप्टन झुलेमा ग्वासेबेचा. तिला जे विचारायचं ते तिलाच विचारा. माझं बोलणं संपलं."

माझ्या उभ्या जन्मातलं रेडिओवरचं सगळ्यात लहान भाषण. मी माइक तिला परत दिला. तिनं तो घेताना माझी बोटं जरा दाबली.

"बगळा, सान फेर्मिनच्या उत्तरेला, उतरणार."

मग रेयेसकडचा तो जाडा आवाज: "ऐकलं, कॅप्टन. या." त्यामागून दुसरा. त्यामागून आणखी कोणी. "ऐकलं, कॅप्टन." "ऐकलं." झुलेमाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं उतरवलं असं, की मागचे पाव टोपलीत हललेही नाहीत.

खाली सगळी जत्रा पेत्रोनाच्या खिडकीपाशी गोळा झालेली. तिनंही पहिल्या आकड्यावर परत येऊन आवाज पूर्ण सोडला होता, त्यामुळे कोणाचं काही ऐकायचं राहिलं नव्हतं. गर्दी आम्हाला पाहून बाजूला झाली. एका पोरानं फुटका फुटबॉल झुलेमाच्या हातात दिला आणि "कॅप्टन, सही" म्हणाला.

टाकू तेवढ्यात पट्टीच्या दूरच्या टोकाला बाजूला लावलेल्या विमानातून कसाबसा उतरून डुलत आला, दोन्ही हात पसरून, पँटच्या मागे माइकच्या वायरचा वळ.

"कोंपाद्रे! जेवायच्या आधी मला उत्तर हवं. काय ठरवलंस?"

सगळी जत्रा खो खो हसली. तो आमच्या तोंडांकडे पाहत राहिला.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उत्तर दिलं रे मी मघाशीच. सगळ्या बेनीनं ऐकलं. तेवढा तूच बहिरा होतास."