परदेशात राहिलेला तांब्या

मी तांब्या बोलतोय. स्टीलचा, रोजच्या अंघोळीतला. देव्हाऱ्यातला मान मला कधी मिळाला नाही, पण आईंचा दिवस माझ्यावाचून सुरू होत नसे. म्हणून लेकीकडे तीन महिने राहायला परदेशी निघाल्या, तेव्हा त्यांनी मला साडीत गुंडाळून सोबत नेलं.

लेकीच्या न्हाणीघरात लांबलचक पांढरा टब होता. "त्या होडीत कोण चढणार? पाय सटकला म्हणजे?" असं म्हणत आईंनी टबाबाहेर स्टूल मांडलं, बादली भरली आणि ऐसपैस अंघोळ केली. पाणी कुठे जातंय, हे त्यांनी पाहिलं नाही. मीही नाही. आपल्याकडे जमिनीला उतार असतो, कोपऱ्यात जाळी असते. तिथे दोन्ही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई उभी होती, हातात अर्धवट शिवलेला, भिजलेला कोट. पाणी तिच्या छतातून नेमकं त्यावर ठिबकलं होतं. लेकीनं दहादा माफी मागितली. बाई कोट पिळत उतरून गेली.

"माझं तिकीट बदल," आई म्हणाल्या.

"एवढ्याशा पाण्यासाठी?"

"एवढंसं? लोकांना वरून अंघोळ घातली मी. उद्या तुम्हाला घर सोडायला लावलं तर?"

जावई म्हणाले, "सोडू की. होडी आहेच आपल्याकडे." कुणी हसलं नाही.

ज्या लेकीची दोन वर्षं वाट पाहिली, तिच्याकडून आठवडाभरात परतायचं? मला संताप आला. चूक झाली तर तोंड लपवून पळायचं कशाला? पण तांब्याचं कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवशी लेक-जावई कामाला गेल्यावर आईंनी बॅग काढली. मला साडीत गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "माफी लेकीनं मागितली, मी कुठे मागितली?" आणि बॅगेत ठेवायच्या ऐवजी मला घेऊन तडक खाली गेल्या.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आई शिवणाच्या खोलीत मधोमध स्टुलावर बसल्या आणि नेसत्या साडीनिशी मला रिकामाच डोक्यावर उपडा करून दाखवू लागल्या. मग छताकडे बोट, कोटाकडे बोट, आणि शेवटी स्वतःचे कान धरले.

शिंपीणबाईचे आधी ओठ हलले, मग खांदे. डोळे पुसत ती हसत राहिली. तिनं स्वतःची रबरी चटई काखोटीला मारली, आईंना हात धरून वर आणलं, टबात चटई अंथरली आणि चटईवर स्टूल ठेवलं.

"हात्तिच्या, एवढंच होय," आई म्हणाल्या. तिकीट तसंच राहिलं.

पुढे रोज दुपारी आई खाली जाऊन काजं करून देत. बाई तिच्या भाषेत बोले, आई मराठीत, त्यामुळे वाद कधीच झाला नाही. तीन महिन्यांनी आई निघाल्या, तेव्हा बाईनं त्यांना शिवताना बोटात घालायचं आपलं जुनं अंगुस्तान दिलं. आईंनी मला घासून लख्ख केलं आणि तिच्या हाती ठेवलं.

"आई, अंघोळीचा तांब्या?" लेक कुजबुजली.

"असू दे. तिनं अंघोळ पाहिलीय माझी."

लोक परदेशातून आठवणीची वस्तू आणतात. मी तिथली आठवण होऊन राहिलो. आता बाई माझ्यात बोटं बुडवून कापडावर पाणी शिंपडते. गिऱ्हाइकानं विचारलंच, तर छताकडे बोट दाखवून सगळी गोष्ट सांगते.

तुम्हीही परदेशी जाल, काही सांडाल, फोडाल, जाळाल. लाजून घरात बसू नका. खाली जाऊन दार वाजवा, भाषेचं पुढे बघता येतं.

बरं, येतो. इस्त्री तापलीय.